अ‍ॅपला ओळखता न आलेलं फूल नवी प्रजाती असतं का? मोहरीच्या कुळातल्या एका डोंगरी रोपाची गोष्ट

समजा, तुम्ही हिमालयात ट्रेकला गेलात. चार हजार मीटरच्या आसपास दगडाच्या फटीत बोटभर उंचीचं, चार पाकळ्यांचं पिवळं फूल दिसलं. फोन काढला, फोटो घेतला आणि वनस्पती ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला. नाव आलं, पण खात्री फक्त ३१ टक्के. मग मनात पहिला विचार येतो: 'हे नवीन तर नाही ना?'

हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. म्हणून या लेखात मी तो नीट उलगडून सांगणार आहे. अ‍ॅप नेमकं काय करतं, 'नवी प्रजाती' हे कोण आणि कशावरून ठरवतं आणि त्यात आपल्या हातातल्या फोनचा खरा उपयोग कुठे होतो, हे पाहूया. उदाहरण घेऊया मोहरीच्या कुळातलंच, कारण या कुळातली उंच डोंगरांवरची रोपं ओळखताना तज्ज्ञांनाही घाम फुटतो.

आधी अ‍ॅपचं गणित समजून घेऊ

गूगल लेन्स असो, प्लँटनेट असो की आयनॅचरलिस्ट, कल्पना साधारण सारखीच असते. आधी माणसांनी नाव लावलेले हजारो, लाखो फोटो संगणकाला दाखवले जातात. त्यावरून तो प्रत्येक नावाशी रंग, आकार, पोत यांचे नमुने जोडायला शिकतो. यालाच मॉडेल ट्रेन करणं म्हणतात.

तुम्ही फोटो टाकला की मॉडेल त्याच्याकडच्या यादीतल्या नावांना गुण वाटतं. नाव यादीतलंच द्यायचं, हा नियम. एक उदाहरण देतो. वर्गात ४० मुलं आहेत आणि हजेरीपटात ४० नावं आहेत. एक्केचाळीसावा मुलगा येऊन बसला, तरी हजेरीपट त्याला त्या ४० पैकीच कुठल्यातरी नावाने हाक मारणार. एक्केचाळीसावं नाव त्याच्याकडे नाहीच.

नवी प्रजाती म्हणजे हाच एक्केचाळीसावा मुलगा. तिला नावच मिळालेलं नसतं, त्यामुळे त्या नावाचे फोटो नसतात, त्यामुळे ती यादीत नसते. अ‍ॅप तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव देतं, कधी चाचरत, तर कधी अगदी ठामपणे.

मग ३१ टक्क्यांचा अर्थ काय? बहुतेक वेळा कारण साधं असतं. फोटो हललेला असतो, फूल असतं पण पानं दिसत नाहीत, किंवा ती प्रजाती शास्त्राला जुनीच असते पण मॉडेलने तिचे पुरेसे फोटो पाहिलेले नसतात. उंच डोंगरांवर जाणारी माणसं कमी, म्हणून तिथल्या रोपांचे फोटोही कमी. 'नवी प्रजाती' ही शक्यता या सगळ्यांनंतर येते.

मोहरीचं कूळ: तुमच्या स्वयंपाकघरातलं

या कुळाचं शास्त्रीय नाव ब्रासिकेसी. जुनं नाव क्रुसिफेरी, आणि तेही अजून ग्राह्य आहे. चार पाकळ्या क्रॉससारख्या मांडलेल्या असतात म्हणून ते पडलं. जगात या कुळातल्या सुमारे ४,००० प्रजाती आहेत. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम आणि लाडवात घालतो तो अळीव, हे सगळे एकाच कुळातले.

कूळ ओळखायच्या तीन खुणा:

१. चार पाकळ्या, समोरासमोर.
२. सहा पुंकेसर, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. लिनियसने १८ व्या शतकात वनस्पतींचे वर्ग पाडले, तेव्हा या खुणेवरून एक आख्खा वर्ग केला होता.
३. शेंग दोन बाजूंनी उकलते आणि मधे बहुतेक वेळा पातळ कागदासारखा पडदा उरतो.

पुढच्या वेळी बाजारात फुलं लागलेला मुळा दिसला तर फोनचा मॅक्रो मोड लावून बघा. सहा पुंकेसर मोजता येतात. मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, तर आपण भाजी करून खातो.

कूळ ओळखणं इतकं सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे, कारण कुळाच्या आतल्या चार हजार प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या असतात.

उंच डोंगरांवरचा ड्राबा

या कुळातला सगळ्यात मोठा जीनस, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा गट, आहे ड्राबा. त्यात चारशेच्या आसपास प्रजाती आहेत. आर्क्टिक प्रदेश, आल्प्स, हिमालय, रॉकी पर्वत, अँडीज अशा थंड आणि उंच ठिकाणी त्या वाढतात.

अडचण अशी की तिथे सगळ्यांना एकाच संकटाला तोंड द्यायचं असतं. वारा जोराचा, थंडी कडाक्याची, फुलायला मिळणारे आठवडे मोजके. म्हणून बहुतेक ड्राबा बुटके राहतात, पानं जमिनीलगत गोल गुच्छात ठेवतात आणि फुलं छोटी, पांढरी किंवा पिवळी असतात. लांबून बघितलं तर सगळे भाऊ-भाऊ.

मग तज्ज्ञ काय बघतात? पानावरचे केस! हो, खरंच. काही प्रजातींमध्ये केस साधे, सरळ असतात. काहींमध्ये टोकाला दोन फाटे फुटलेले, तर काहींमध्ये चांदणीसारखे. केस पानाच्या कडेला आहेत की पृष्ठभागावर, वरच्या बाजूला आहेत की खालच्या, यावर ओळख ठरते. त्यासाठी किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. शिवाय शेंगेचा आकार आणि तिच्यावर केस आहेत की नाहीत, हेही लागतं. म्हणजे नुसत्या फुलाचा फोटो, कितीही सुंदर असला तरी, अपुरा.

ड्राबा लाडिना: पिवळा आणि पांढरा मिळून फिकट पिवळा

आता प्रत्यक्ष उदाहरण. स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात लोअर एंगाडीन नावाचं खोरं आहे. १९१४ साली स्थापन झालेलं स्विस नॅशनल पार्क याच भागात आहे. तिथल्या डोलोमाइट खडकाच्या उंच शिखरांवर ड्राबा लाडिना नावाचं छोटंसं रोप वाढतं. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी योसियास ब्राउन-ब्लांके या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं. आल्प्समध्ये पिवळ्या फुलांचा ड्राबा आयझॉयडीस माहीत होता. पांढऱ्या फुलांचा, लवदार पानांचा ड्राबा टोमेंटोजा पण माहीत होता. आणि हे तिसरं रोप होतं फिकट पिवळं, दोघांच्या मधलं.

तुम्ही म्हणाल, मग हा संकर असेल, त्यात काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन प्रजाती शेजारी वाढतात तेव्हा कधीकधी त्यांच्यात संकर होतो. असं एखादं मधलं रोप सापडलं म्हणून लगेच नवी प्रजाती होत नाही. प्रजाती म्हणायचं तर ते रोप स्वतःच्या पायावर उभं हवं: आपल्यासारखीच पिल्लावळ वाढवणारं आणि आई-बापांपासून वेगळं राहणारं.

याचं उत्तर गुणसूत्रांनी दिलं. ड्राबा आयझॉयडीसच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. ड्राबा टोमेंटोजातही १६. ड्राबा लाडिनात मात्र ३२.

हे कसं झालं ते सोपं करून सांगतो. संकर होताना दोन्हीकडून निम्मी गुणसूत्रं येतात, म्हणजे ८ आणि ८. संकराकडे १६ झाली खरी, पण दोन्ही संच वेगवेगळे. परागकण तयार होताना गुणसूत्रांना जोडीदार लागतो आणि इथे तो नीट मिळत नाही. असं रोप बहुतेक वेळा वांझ राहतं. पण क्वचित कधी सगळी गुणसूत्रं दुप्पट होतात. १६ ची ३२. आता प्रत्येकाला आपला जोडीदार मिळाला. रोप बी धरू लागतं. आणि मूळ आई-बापांशी पुन्हा संकर झालाच, तर संचांची संख्या विषम होते आणि पुढची पिढी सहसा अडखळते. म्हणजे वेगळं घर झालं.

१९९९ साली अ‍ॅलेक्स विडमर आणि माथियास बाल्टिसबर्गर या शास्त्रज्ञांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी'मध्ये ड्राबा लाडिनाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून याच दोन प्रजाती तिच्या पूर्वज असल्याचं पुढे आलं. ती एकदाच जन्माला आली असावी, असाही निष्कर्ष निघाला. नाव आधी दिलं गेलं होतं, जन्माची गोष्ट कळायला आणखी कित्येक दशकं जावी लागली.

हीच गोष्ट तुमच्या फोडणीत

हे वाचताना आल्प्स फार लांबचं वाटत असेल, तर फोडणीच्या डब्यात बघा. आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पिकणारी मोहरी म्हणजे ब्रासिका जुन्सिया. तिची गुणसूत्रं ३६. तिचे पूर्वज दोन: सलगमाची प्रजाती ब्रासिका रापा, गुणसूत्रं २०, आणि काळी मोहरी ब्रासिका नायग्रा, गुणसूत्रं १६. वीस अधिक सोळा, छत्तीस. १९३५ साली वू जांग-चुन या कोरियन-जपानी शास्त्रज्ञाने मोहरीच्या नातेवाइकांचं हे नातं मांडलं. ते 'यू चा त्रिकोण' म्हणून ओळखलं जातं, कारण त्यांचं जपानी आडनाव रोमन लिपीत 'U' असं लिहिलं जाई.

दिसायला एकच, पण आतून अनेक

आता उलटी बाजू. वेगळं दिसणारं रोप नवीन प्रजाती असेलच असं नाही, तसंच सारखं दिसणारं रोप एकाच प्रजातीचं असेल असंही नाही.

२००६ साली नॉर्वेतल्या संशोधकांच्या गटाने आर्क्टिकमधल्या तीन ड्राबा प्रजातींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच प्रजातीची रोपं आणली आणि त्यांचा आपापसात संकर केला. दिसायला सारखी, नावही एकच. तरीही अनेक जोड्यांची संतती मोठ्या प्रमाणात वांझ निघाली. म्हणजे एका नावाखाली अनेक प्रजाती लपलेल्या आहेत आणि डोळ्यांना त्या दिसतच नाहीत.

कॅमेऱ्याला जे दिसत नाही, ते फोटोवर शिकलेल्या मॉडेललाही दिसणार नाही. मॉडेल कितीही हुशार झालं तरी गुणसूत्रं मोजायला मुळाचं टोकच लागतं.

'नवी प्रजाती' असं अधिकृतपणे कसं ठरतं?

सापडलं आणि जाहीर केलं, असं होत नाही. साधारण क्रम असा:

१. नमुना. रोप दाबून, वाळवून, कागदावर लावून हर्बेरियममध्ये ठेवतात. सोबत ठिकाण, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. सपुष्प वनस्पतींच्या बाबतीत नुसत्या फोटोवर नवं नाव देता येत नाही.

२. तुलना. आजवर नाव दिलेल्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी ताडून बघायचं. जुने नमुने पॅरिस, लंडन, सेंट लुईस, हावडा असे जगभर विखुरलेले असतात. आता त्यातल्या बऱ्याच नमुन्यांचे मोठे फोटो ऑनलाइन बघता येतात, त्यामुळे काम खूप हलकं झालंय. मोहरीच्या कुळासाठी जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचा ब्रासिबेस हा डेटाबेसही आहे.

३. पुरावे. केस, शेंगा, बिया, गुणसूत्रं, डीएनए. एकाच पुराव्यावर कुणी विसंबत नाही.

४. प्रसिद्धी. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्यानुसार वर्णन छापावं लागतं आणि एक नमुना 'टाइप' म्हणून नेमावा लागतो. पुढे कधी वाद झाला तर ते नाव त्या नमुन्याला चिकटलेलं असतं. आधी वर्णन लॅटिनमध्येच लागायचं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं आणि ऑनलाइन पीडीएफमध्ये केलेली प्रसिद्धीही ग्राह्य धरतात.

यात किती वेळ जातो? नमुना गोळा झाल्यापासून नाव मिळेपर्यंत कित्येकदा वर्षं, कधी दशकंही जातात. अनेक नव्या प्रजाती डोंगरात सापडत नाहीत, हर्बेरियमच्या कपाटातच सापडतात. कुणीतरी पूर्वी आणून ठेवलेल्या असतात, चुकीच्या नावाखाली.

असं कपाट आपल्या जवळही आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम.

मग फोनचा काय उपयोग?

खूप. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये एका स्वयंसेवकाला वाळवंटात केसाळ, अगदी छोटं रोप दिसलं. ओळखता आलं नाही म्हणून फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले. जगभरातल्या जाणकारांनी डोकं लावलं. शेवटी नमुने तपासले, डीएनए पाहिला आणि २०२५ मध्ये ते ओव्हिक्युला बायरेडिएटा या नावाने प्रसिद्ध झालं. सूर्यफुलाच्या कुळातली नुसती नवी प्रजाती नाही, आख्खा नवा जीनस! इथे लक्षात घ्या, ओळख अ‍ॅपने केली नाही. अ‍ॅपमुळे तो फोटो योग्य माणसांच्या नजरेला पडला.

असा उपयोगी फोटो कसा काढायचा?

१. पूर्ण रोप आणि आजूबाजूची जागा. दगड, माती, ओल, सगळं दिसू द्या.
२. पानाची वरची आणि खालची बाजू, अगदी जवळून. भिंग असेल तर ते कॅमेऱ्याच्या लेन्सला लावा, केस दिसतील.
३. फूल समोरून आणि बाजूनेही.
४. शेंग असेल तर नक्की. वाळलेली जुनी शेंगही चालते.
५. एका फोटोत शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.
६. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. नेटवर्कमध्ये आल्यावर फोटो अपलोड करा.
७. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका. तो दाबला जातो आणि त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि रोप उपटायचं नाही. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय वनस्पती गोळा करणं बेकायदेशीर आहे. शिवाय एखाद्या कड्यावर तशी वीसच रोपं असतील, तर तुमचं एक रोप म्हणजे पाच टक्के. रोप खूप दुर्मीळ वाटत असेल तर नेमकं ठिकाण इन्स्टाग्रामवर टाकू नका. आयनॅचरलिस्टवर लोकेशन धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण नाव नसलेल्या रोपाला वाचवता येत नाही. धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी असो, संरक्षणाचा कायदा असो की रस्ता बांधण्याआधीचा पर्यावरण अहवाल, सगळीकडे आधी नाव लागतं. नाव नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर ते रोप गेलं तरी गेल्याचं कळत नाही.

उंच डोंगरांवर हा प्रश्न जास्त टोकाचा आहे. २०१८ साली 'नेचर'मध्ये युरोपातल्या ३०२ शिखरांच्या नोंदींचा अभ्यास आला. १४५ वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा शिखरांवर येणाऱ्या वनस्पतींची संख्या वाढतेय आणि वाढण्याचा वेगही वाढतोय, असं दिसलं. वाढत्या तापमानाशी त्याचा थेट संबंध होता. ऐकायला चांगलं वाटतं, पण याचा अर्थ खालच्या उंच, दांडग्या वनस्पती वर चढतायत. शिखरावरच्या बोटभर ड्राबाला आणखी वर जायला जागा नाही. वर फक्त आकाश आहे.

थोडक्यात सांगायचं तर

अ‍ॅपने कमी टक्के दाखवले म्हणजे नवी प्रजाती सापडली असं नाही आणि जास्त दाखवले म्हणजे नाव पक्कं असंही नाही. अ‍ॅप तुम्हाला कुळापर्यंत, फार तर जीनसपर्यंत भरवशाने नेतं. तिथून पुढे भिंग, शेंग, हर्बेरियम, गुणसूत्रं आणि वर्षानुवर्षं एकाच कुळावर बसलेली माणसं लागतात. पण त्या माणसांना सगळ्या कड्यांवर पोहोचता येत नाही. तिथे तुम्ही पोहोचता, खिशात चांगला कॅमेरा घेऊन.

तेव्हा पुढच्या ट्रेकला अ‍ॅप गोंधळलं तर वैतागू नका. खाली वाका, पानाच्या मागचाही एक फोटो घ्या आणि लोकेशनसकट जपून ठेवा. तो कुणाच्या उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही.